एका ‘नाही’चं वजन

कुठलीही सभा जोखायची तर आधी तिची बसण्याची रीत पाहावी, भाषणं नंतर ऐकावीत. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातल्या माडिया गावांत ही पारख करायला गोटूलसारखी जागा नाही. एटापल्लीहून गट्ट्याकडे जा की कसनसूरकडे, गाव आलं की लाकडी खांबांवर उभं, बाजूंनी बरंचसं मोकळं असं ते छप्पर दिसतंच. पाहुण्याचा मुक्काम तिथे, गावाची बैठकही तिथेच. आत मंच नाही, माईक नाही. साहेब येणार असतील त्या दिवशी कुठून तरी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या जातात आणि बैठकीचा तोल तिथेच जातो. एरवी सगळे जमिनीवर. गायता, पेरमा, पाटील ही मानाची माणसं, पण तीही खांबाला टेकून इतरांच्याच ओळीत. बोलणारा उठून उभा राहत नाही, बसल्या जागेवरून बोलतो. उभं राहिलं की माणसाच्या तोंडात भाषण येतं. माणसांना एका उंचीवर ठेवण्याची ही साधी युक्ती ज्याला सुचली असेल, त्याला वादाची नस नक्की सापडली होती.

बैठक ठरल्या वेळेला सुरू होत नाही. निदान घड्याळ बघणाऱ्याला तसं वाटतं. पहिला तासभर पाऊस, मोहाचा बहर, कोणाची म्हैस, कोणाचा ताप असल्या गोष्टींत जातो. हा वेळ वाया गेला म्हणून चुळबुळ करणारे बरेच अधिकारी मी पाहिले आहेत. जरा लक्ष दिलं तर कळतं की या गप्पांतच हजेरी लागत असते. अमक्या घरचं कोणी आलेलं नाही हे कोणाच्या तरी ध्यानात येतं, एखादं पोरगं धावत जातं, आणि थोड्या वेळाने त्या घरचा माणूस ओले हात पुसत येऊन बसतो. शिवाय ज्या दोघांचं बिनसलेलं आहे ते याच तासात निरुपद्रवी विषयावर एकमेकांशी चार शब्द बोललेले असतात. पुढे वाद पेटला तरी त्यांच्यात बोलणं आधीच सुरू झालेलं असतं. कार्यक्रमपत्रिकेत कुठेही न लिहिलेला हा आलाप मला साऱ्या बैठकीतला सर्वांत कसलेला भाग वाटतो.

आता एक वाद जवळून पाहू. गावाचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. विषय तेंदूपत्त्याचा. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांमुळे गौण वनोपजावरचा हक्क ग्रामसभेकडे आला, आणि दर हंगामाआधी गावापुढे प्रश्न उभा राहू लागला: लिलाव वनविभागाने करायचा, की ग्रामसभेने स्वतः ठेकेदाराशी बोलणी करायची? सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून पानं तोडून, दुपारभर पुडे बांधून संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन देणाऱ्या घरांचा पावसाळ्याचा खर्च यावर चालतो. म्हणजे हा पोटाचा वाद. तो मऊ आवाजात चालेल अशी अपेक्षाच करू नये.

बारावी झालेला एक तरुण शाळेची वही उघडून आकडे मांडत होता. शेजारच्या गावांनी स्वतः विक्री केली, शेकड्याला भाव जास्त मिळाला, आपणही तेच करावं. आकडे मराठीत आणि बाकी सगळं माडियात. माझ्या शेजारचे गृहस्थ मला हळू आवाजात अर्थ सांगत होते. तरुणाचं संपल्यावर कोणी लगेच बोललं नाही. दोन माणसांच्या बोलण्यामध्ये इथे एक रिकामी जागा सुटते आणि ती भरायची घाई कोणी करत नाही. मग एक म्हातारे म्हणाले, भाव कमी मिळाला तरी सरकारी लिलावात पैसे बुडत नाहीत. ठेकेदाराने थकवले तर आपण कोणाच्या दारात जाऊन बसायचं?

बहुतेक सभांत वाद इथेच नासतो. तरुण चिडतो, ‘तुम्हाला आकडे कळत नाहीत’ असं म्हणतो किंवा म्हणत नाही पण चेहऱ्यावर आणतो, आणि तिथून पुढे विषय तेंदूपत्ता राहत नाही. इथे काय झालं ते पाहण्यासारखं होतं. बैठक चालवणारा मधल्या वयाचा माणूस तरुणाकडे वळलाच नाही. म्हाताऱ्यांचा प्रश्न त्याने जशाच्या तसा पुन्हा उच्चारला आणि सगळ्यांकडे पाहून विचारलं, मग याचं काय करायचं? एवढंच. आक्षेप तरुणाच्या अंगावर गेला होता, तो उचलून त्याने मधोमध ठेवला. आता तो कोणा एकाच्या म्हणण्यावरचा हल्ला राहिला नव्हता, गावापुढची अडचण झाला होता. तरुणाला बचाव करावा लागला नाही, म्हाताऱ्यांना हट्ट धरावा लागला नाही. सूत्रसंचालनाच्या शिबिरांत जे तीन दिवस शिकवतात ते या माणसाने एका वाक्यात केलं, आणि त्याचं नावही कोणी घेतलं नाही.

त्यानंतर कुजबुज सुरू झाली. परक्याला वाटावं की बैठक मोडली: चार इकडे, पाच तिकडे, कोणी तंबाखू मळतोय, कोणी बाहेर जाऊन आलं. पण ही मोडतोड नसते. मोठ्या गोलात ज्याला तोंड उघडवत नाही तो इथे शेजाऱ्याच्या कानाशी बोलतो, आणि दहा मिनिटांनी त्याचं म्हणणं दुसऱ्या कोणाच्या आवाजात मोठ्या गोलात येतं. त्या दिवशी ते कडेला बसलेल्या एका बाईच्या तोंडून आलं. ती म्हणाली, पैसे हाती आल्याशिवाय गोण्या गावाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. तरुणाने वहीत मान घालून हिशेब केला. म्हातारे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बरं, पण हे कागदावर घ्या. आणि ते ठरावात अट म्हणून गेलं. ठराव नीट वाचला तर त्यात म्हाताऱ्यांची भीती जशीच्या तशी सापडते, फक्त तिचं आता कलम झालेलं आहे. विरोधी मताचा इतका चोख उपयोग मी विधिमंडळाच्या कामकाजातही फारसा पाहिलेला नाही.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची पाडत सुटणं ती वितंडा. गोटूलमध्ये पाहिला तो यांतला पहिला. सुरजागडच्या खाणीमुळे आमच्या तालुक्याला जनसुनावणी नावाचा प्रकारही ओळखीचा झाला आहे: मंच, माईक, बंदोबस्त, नाव पुकारल्यावर दोन-तीन मिनिटं. तिथे बाजूने बोला की विरुद्ध, रचनाच अशी की तोंडून जल्पच निघावा. बोलणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. गोटूलमधलीच माणसं तिथे जाऊन वेगळी वागतात.

गोटूलमधलं हे सगळं परंपरेने आपोआप होतं असं मात्र कोणी समजू नये. या रीतीला विचारपूर्वक घडवलं तर ती कुठवर जाते हे पाहायचं असेल तर जिल्ह्याच्या उत्तरेला, धानोरा तालुक्यातल्या मेंढ्याला जावं लागतं. लेखा या शेजारच्या गावामुळे मेंढा (लेखा) म्हणून ओळखलं जाणारं हे गोंडांचं छोटं गाव. सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी ज्या गावांना मिळाला त्यांपैकी हे एक, जंगल सुमारे 1,800 हेक्टर, साल 2009. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मिलिंद बोकिलांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या वाचकाला गावाचं नाव ठाऊक आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार आणि गावात आम्हीच सरकार, ही घोषणाही ठाऊक असते. घोषणेचं कौतुक पुष्कळ झालं. मला कौतुक आहे ते तिच्या मागच्या कारागिरीचं, आणि त्यातही दोन गोष्टींचं.

पहिली गोष्ट अभ्यासगट. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा यांच्या सहवासातून ही पद्धत रुजली. एखादा विषय पुढे आला की ज्यांना रस आहे ते जमतात, माहिती गोळा करतात, बाहेरच्या जाणत्याला बोलावतात, हवं ते विचारतात. त्यात वनाधिकारी येईल, प्राध्यापक येईल, कार्यकर्ता येईल. पण अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही.

एवढी एक भिंत घातल्याने किती गोष्टी साधल्या ते मोजून पाहावं. निर्णय व्हायचा नसल्यामुळे अभ्यासगटात कोणी हरत नाही. हरायचं नसल्यामुळे माणूस खुशाल वेडगळ प्रश्न विचारतो, कच्चं मत मांडतो, पुढच्या वेळी उलटं बोलतो. त्याचं मत कुठे नोंदलेलं नसतं, त्यामुळे ते बदलताना मान खाली घालावी लागत नाही. आपल्या बहुतेक सभांचं दुखणं हेच असतं: विचार आणि निवाडा एकाच बैठकीत उरकायचा असतो. तोंडून पहिलं वाक्य निघालं की माणूस त्याचा कैदी होतो आणि उरलेला वेळ त्याची राखण करत बसतो. शिवाय तज्ज्ञाची पंचाईतही सुटली. तज्ज्ञ हवा असतो, पण त्याच्या वजनाखाली गाव दबतं. मेंढ्याने त्याला ऐकण्याची जागा दिली आणि ठरवण्याच्या जागेवरून दूर ठेवलं. मधाचा विषय अभ्यासाला घेतला तेव्हा मधमाश्यांचं जीवनचक्र समजून घेता घेता पोळं जाळून, माश्या मारून मध काढण्याची जुनी सवयच प्रश्नात आली, आणि माश्या न मारता मध काढण्याकडे गाव वळलं. ‘तुमची पद्धत चुकीची आहे’ असं कोणी बाहेरून येऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना खेड्यात काम केलेल्या कोणालाही करता येईल.

दुसरी गोष्ट अवघड, आणि माझ्या मते खरी कमाल तिथेच आहे. ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने. मतदान नाही, हात वर करणं नाही. एकजण जरी ‘नाही’ म्हणाला तर निर्णय होत नाही. विषय पुढच्या बैठकीत. ऐकताना हे भाबडं वाटतं. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणीतरी विनोबांचं पुस्तक वाचून केलेला हट्ट वाटला होता. पण यातल्या बारकाव्यांकडे पाहा.

बहुमताच्या सभेत बोलणारा माणूस मनात मोजणी करत असतो. एकावन्न झाले की उरलेल्या एकोणपन्नासांशी बोलण्याचं त्याला कारण उरत नाही. सर्वसहमतीत हिशेब उलटा होतो. ज्याला पटलेलं नाही, तोच सभेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरतो. बोलायचं ते त्याच्याशी, समजून घ्यायचं ते त्याचं. बाजूने असलेल्यांना एकमेकांची पाठ थोपटण्यात काही हशील राहत नाही. दोन बैठकांमध्ये जे दिवस जातात त्यांत, मोह वेचून आणल्यावर उन्हात पसरून ठेवावा तसा विषय पडून असतो: विहिरीवर, बांधावर, बाजाराच्या वाटेवर त्याच्यावरून हात फिरत राहतात. पुढच्या बैठकीत तो येतो तेव्हा त्यातलं बरंच पाणी उडालेलं असतं. ‘नाही’ म्हणणाऱ्यावरही याचा परिणाम होतो. आपल्या एका शब्दाने सगळं गाव थांबतं हे कळलेला माणूस तो शब्द जपून काढतो. बहुमतात हरणारच आहोत म्हटल्यावर नाही म्हणायला काही लागत नाही, ओरडून म्हणता येतं. इथे त्याचं वजन उचलावं लागतं.

एकमताच्या पद्धतीची इतिहासातली बदनामीही विसरू नये. पोलंडच्या संसदेत एकाच सदस्याला ‘मला मान्य नाही’ म्हणून सगळं अधिवेशन मोडण्याचा अधिकार होता. 1652 मध्ये तो पहिल्यांदा तसा वापरला गेला, पुढे शेजारच्या राजांनी सदस्य विकत घेऊन अधिवेशनांमागून अधिवेशनं मोडून दाखवली, आणि 1791 च्या राज्यघटनेने तो अधिकार रद्द केला तोवर देशाची पुरती दैना झाली होती. मग तीच गोष्ट मेंढ्यात का चालली? मला फरक दोन ठिकाणी दिसतो. पोलंडमधला एक नकार त्या अधिवेशनात आधी ठरलेलं सगळंच मोडीत काढायचा. मेंढ्यातला नकार तेवढा एकच विषय, तोही तात्पुरता, थांबवतो. आणि तिथला सदस्य नकार देऊन घोड्यावर बसून आपल्या मुलखात निघून जायचा. इथल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर यायचं असतं. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात निघालेल्या क्वेकर पंथाच्या बैठकांतही मतदान नसतं. तिथला लिहिणारा सभेचा कल ओळखून टिपण बैठकीतच तयार करतो, वाचून दाखवतो आणि सगळ्यांना मान्य झालं तरच ते कायम होतं. त्यांची आणि आमच्या गोंडांची ओळख असण्याचं कारण नाही. माणसं रोज एकमेकांना भेटणार असतील तर ती बहुधा अशाच वाटेला लागतात.

आक्षेप निर्णयात सामावून घेण्याची हातोटी दारूच्या विषयात सर्वांत जास्त कसाला लागते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, पण गावाने स्वतः बंदी ठरवायची तर पहिला आक्षेप ठरलेला: देवाला मोहाची दारू लागते, मग पूजा कशी करायची? बाहेरच्या सुधारकाला ही सबब वाटते. ज्याला ती सबब वाटली त्याचा वाद तिथेच संपला, कारण समोरच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न असतो. शहाणी बैठक देवाचं आणि पिणाऱ्याचं माप वेगळं करते. पूजेला किती लागते, ती कोण काढणार, उरली तर काय करायचं, असे घरगुती प्रश्न विचारत जाते. यात तत्त्वाची चर्चा जवळजवळ नसते. मोठ्या तत्त्वावर भांडणारी माणसं लहान मापावर एकत्र येतात, हे ज्याने ओळखलं त्याची चाल पाहत राहावी.

उणिवा आहेत. त्या न सांगता रस घेणं म्हणजे आंधळी दाद. वनहक्काच्या नियमांनी ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी आणि त्यात एक तृतीयांश स्त्रिया अशी अट घातली. मेंढ्याने बायकांच्या बरोबरीच्या सहभागाचा आग्रह धरला. आमच्याकडच्या अनेक बैठकांत मात्र बायका अजून कडेला, कित्येकदा छपराच्या बाहेरच्या अंगणात. तेंदूची ती अट सुचवणारी बाई कडेलाच होती, आणि तिचं म्हणणं तिथून मध्यावर पोचलं हा त्या दिवसाचा योग. दर वेळी पोचत असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दुसरं म्हणजे गप्प बसणं म्हणजे होकार, अशी समजूत सर्वसहमतीत सहज शिरते. ज्याच्याकडून बियाणं उसनं घेतलं आहे त्याच्या तोंडावर नाही म्हणायला धैर्य लागतं. म्हणून चांगला चालक शेवटी गप्प बसलेल्यांकडे वळतो, नाव घेऊन विचारतो, उत्तरासाठी थांबतो. वाईट चालक ‘सगळ्यांना मंजूर ना?’ असं म्हणतो आणि म्हणता म्हणताच वही मिटतो. दोघांच्या वहीत ठराव सारखाच दिसतो.

मेंढ्याची सर्वांत कठीण परीक्षा मात्र जंगलाची नव्हती, शेताची होती. जंगल आधीच सगळ्यांचं होतं. शेत प्रत्येकाचं आपलं. 1964 च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गाव ग्रामदानी व्हायचं तर खातेदाराने आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे करायची असते. कसायला जमीन त्याच्याचकडे राहते, पण ती बाहेर विकता येत नाही. कायद्याला यासाठी शंभर टक्के संमती लागत नाही, ठरावीक प्रमाण भरलं की पुरतं. म्हणजे सरकारी कागद बहुमतावर समाधानी होता. मेंढा तेवढ्यावर थांबलं नाही. सातबाऱ्यावरचं स्वतःचं नाव सोडायला तयार नसलेला एकही माणूस असेल तोवर विषय पुढे, आणि पुन्हा पुढे. शंका अगदी रोकड्या होत्या: पोरगी सासरी गेली तर, कर्ज काढायचं झालं तर, भावाशी पटलं नाही तर. त्या एकेक करून बैठकीत आल्या, अभ्यासगटात गेल्या, परत आल्या. 2013 मध्ये गाव ग्रामदानी म्हणून जाहीर झालं तेव्हा सगळ्या खातेदारांची जमीन त्यात होती.